लाइव्ह पेनड्राइव्ह सुरू होतो, पण डेस्कटॉप आपोआप का येत नाही?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन या लिनक्सवर लाइव्ह-बिल्ड हे साधन वापरून स्वतःची लाइव्ह सिस्टीम (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून थेट चालणारी) बनवली आहे, डेस्कटॉप एक्सएफसीई. शाळेतल्या जुन्या मशीनला मुलांनी पेनड्राइव्ह लावायचा आणि थेट डेस्कटॉप दिसायचा, एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात काळ्या स्क्रीनवर 'लोकलहोस्ट लॉगिन:' येऊन थांबतं. रूटने (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या नावाने) लॉगिन करून 'स्टार्टएक्स' ही कमांड मारली की डेस्कटॉप नीट उघडतो. 'आरसी.लोकल'मध्ये (बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये) स्टार्टएक्स टाकून झालं, सिस्टीमडीचं (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं) डीफॉल्ट टार्गेट ग्राफिकल करून झालं, फरक शून्य. मराठी लोकेलसाठी (भाषेच्या सेटिंगसाठी) बूटची ओळ, म्हणजे बूट होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांची ओळ, बदलली आहे आणि इमेज लहान राहावी म्हणून रेकमेंडेड (शिफारस केलेली, सक्तीची नसलेली) पॅकेजेस बंद ठेवली आहेत.

कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग घ्या.

आधी चांगली बातमी. हाताने स्टार्टएक्स मारल्यावर डेस्कटॉप येतोय, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) आणि एक्सएफसीई, तिन्ही जागच्या जागी आहेत. माझ्याकडे 'डेस्कटॉप येत नाही' म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांची गाडी तिथेच रुतलेली असते. तुमची त्याच्या बरीच पुढे आली आहे. त्यामुळे 'डेस्कटॉप सुरू कसा करायचा' हा तुमचा प्रश्न उरलेलाच नाही. खरा प्रश्न असा की त्या लॉगिनच्या ओळीपुढे नाव टाकणार कोण, आणि ज्याचं नाव टाकायचं तो माणूस त्या क्षणी सिस्टीममध्ये आहे तरी का?

हे जरा उलगडून सांगतो, कारण इथेच लाइव्ह सिस्टीम आणि हार्ड डिस्कवर इन्स्टॉल केलेली सिस्टीम यांच्या वाटा वेगळ्या होतात. इन्स्टॉल करताना तुम्ही नाव-पासवर्ड देता, तो वापरकर्ता कायमचा डिस्कवर बसतो. लाइव्ह सिस्टीमची सगळी फाइलसिस्टीम स्क्वॉशएफएसच्या एका दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते, तिच्यात काही लिहिता येत नाही. बूट होताना तिच्यावर रॅममधला एक थर चढवला जातो आणि सगळं लिखाण त्या थरावर होतं. मशीन बंद केलं की थर पुसला. डेबियनच्या लाइव्ह सिस्टीममध्ये वापरकर्तासुद्धा त्या थरावरच जन्माला येतो, दर बूटला नव्याने. ते काम लाइव्ह-कॉन्फिग नावाचं पॅकेज करतं. वेगळं काही सांगितलं नाही तर तो 'युजर' नावाचा वापरकर्ता तयार करतं, पासवर्ड 'लाइव्ह' ठेवतं, मशीनचं नाव 'डेबियन' करतं, कन्सोलवर (नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर) त्याचं ऑटोलॉगिन लावतं आणि डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनची खिडकी दाखवून डेस्कटॉप उघडणारा प्रोग्राम) सापडला तर त्यालाही ऑटोलॉगिन शिकवतं. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते फुकटात मिळायला हवं होतं. मिळत नाहीये, याचा अर्थ मध्ये कुठेतरी साखळी तुटली आहे.

आता तुमच्याच वर्णनातले दोन शब्द पुन्हा वाचा: 'लोकलहोस्ट लॉगिन'. लाइव्ह-कॉन्फिगने काम केलं असतं तर तिथे 'डेबियन' दिसलं असतं. दुसरं म्हणजे, मुळात लॉगिनची ओळच दिसली नसती, पहिल्या कन्सोलवर थेट 'युजर' आत आलेला दिसला असता. तुम्हाला रूटने आत जावं लागतंय, तेही बहुधा तुम्ही बिल्डच्या हुकमध्ये (बिल्डदरम्यान चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) रूटचा पासवर्ड लावून ठेवलाय म्हणून. तेव्हा लाइव्ह-कॉन्फिग एकतर चाललेलं नाही किंवा अर्धवट चाललं आहे. डिस्प्ले मॅनेजरची चौकशी त्यानंतर.

का चाललं नसेल? तुम्ही बूटची ओळ बदललीत हे स्वतःच सांगितलंय. लाइव्ह-बिल्डची मूळ ओळ अशी असते:

बूट=लाइव्ह कंपोनंट्स क्वाएट स्प्लॅश

यातला 'कंपोनंट्स' हा शब्द शोभेचा वाटतो, पण लाइव्ह-कॉन्फिगचं बटण तोच आहे. तो असेल तर त्याच्या सगळ्या छोट्या स्क्रिप्ट चालतात, नसेल तर एकही नाही. आणि लाइव्ह-बिल्डच्या 'एलबी कॉन्फिग' या कमांडला '--बूटअपेंड-लाइव्ह' देऊन स्वतःची ओळ दिली की ती मूळ ओळीत मिसळत नाही, मूळ ओळ काढून तिच्या जागी बसते. मराठी लोकेल घालायच्या नादात 'कंपोनंट्स' गळालं, की वापरकर्ता गेला, ऑटोलॉगिन गेलं, आणि गंमत म्हणजे ज्याच्यासाठी ओळ बदलली ते मराठी लोकेलही लागलं नाही, कारण 'लोकेल्स=' वाचणारी स्क्रिप्टसुद्धा त्याच बटणावर आहे. तुमच्या सिस्टीममध्ये मेनू इंग्रजीतच दिसत असतील तर माझा अंदाज बरोबर धरा. मी स्वतः यात एकदा सबंध रविवार घालवला आहे.

पडताळायला इमेज पुन्हा बनवू नका. लोक इथेच वेळ घालवतात, एक शब्द बदलून अर्धा-पाऊण तास बिल्ड चालवत बसतात. पेनड्राइव्हचा बूट मेनू आला की थांबा. यूईएफआय मशीनवर ग्रब असेल, तिथे 'ई' दाबा. जुन्या बायोसवर सिसलिनक्सचा मेनू असेल तर टॅब दाबा. कर्नलची ओळ उघडेल. तिच्या शेवटी एक जागा सोडून 'कंपोनंट्स' टाका, ग्रबमध्ये एफ१० आणि सिसलिनक्समध्ये एंटर. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, बिघडायला काही नाही. 'युजर' आपोआप आत आला तर निदान झालं. चालू सिस्टीममध्ये 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मारूनही कर्नलला नेमकी कोणती ओळ मिळाली ते कळतं. पेनड्राइव्हवर काय लिहिलंय यापेक्षा ही ओळ खरी माना.

निदान पक्कं झालं की ओळ अशी करा:

एलबी कॉन्फिग --बूटअपेंड-लाइव्ह "बूट=लाइव्ह कंपोनंट्स क्वाएट स्प्लॅश लोकेल्स=एमआर_आयएन.यूटीएफ-८ युजरनेम=विद्यार्थी"

'विद्यार्थी'च्या जागी अर्थातच रोमन, लहान अक्षरांतलं नाव. आणि ही कमांड दरवेळी हाताने मारण्याऐवजी 'ऑटो/कॉन्फिग' या फाइलमध्ये, 'एलबी कॉन्फिग'नंतर 'नोऑटो' हा शब्द घालून, लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी नवी इमेज बनवताना हाच शब्द पुन्हा गळेल. लोकेल मराठी केलंत तर देवनागरी फाँटही पॅकेजच्या यादीत घाला, 'फाँट्स-लोहित-देवा' हलका आहे. नाहीतर मेनूच्या जागी चौकोनांची रांग दिसेल आणि डेस्कटॉप आला तरी आल्याचा आनंद होणार नाही.

दुसरा संशयित तुमच्याच पत्रात आहे: रेकमेंडेड पॅकेजेस बंद. इमेज लहान करायला तो पर्याय मीही वापरतो, पण त्याची किंमत माहीत असावी लागते. लाइव्ह-कॉन्फिग वापरकर्ता तयार करण्यासाठी 'युजर-सेटअप' या पॅकेजवर विसंबतं आणि ते पॅकेज त्याच्या सक्तीच्या यादीत नसून शिफारशीच्या यादीत आहे. 'सुडू'चंही तेच. शिफारशी बंद केल्या की दोन्ही येत नाहीत. मग 'कंपोनंट्स' असूनही वापरकर्ता तयार होत नाही. सगळ्या स्क्रिप्ट चालतात, मशीनचं नाव 'डेबियन' होतं, पण ज्याला आत पाठवायचं तोच गायब. म्हणून 'कॉन्फिग/पॅकेज-लिस्ट्स' फोल्डरमधल्या तुमच्या यादीत, जिच्या नावाचा शेवट '.लिस्ट.चरूट' असा असतो, हे दोन शब्द आठवणीने घाला. चालू सिस्टीममध्ये 'आयडी युजर' मारा. 'नो सच युजर' आलं तर हेच कारण.

आता डिस्प्ले मॅनेजर. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तुम्ही ज्या उपायावर वेळ घालवलात तो जवळजवळ सगळीकडे पहिला सांगितला जातो. 'सिस्टीमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट'. डेबियनमध्ये डीफॉल्ट टार्गेट मुळातच ग्राफिकल असतं, तुम्ही वेगळं केलं नसेल तर. 'सिस्टीमसीटीएल गेट-डिफॉल्ट' मारून बघा. म्हणजे तुम्ही उघड्या दाराचं कुलूप काढत होता. ग्राफिकल टार्गेट स्वतः काहीही सुरू करत नाही, तो एसटी स्टँडवरचा फलक आहे. गाडी म्हणजे 'डिस्प्ले-मॅनेजर.सर्व्हिस', आणि ती खरंतर एक लिंक असते, जी लाइटडीएम, एसडीडीएम किंवा जीडीएम यांपैकी कुणाकडे तरी बोट दाखवते. यांपैकी काहीच बसवलेलं नसेल तर सिस्टीमडी ग्राफिकल टार्गेटपर्यंत पोहोचतो, काम झालं म्हणतो आणि समोर काळी स्क्रीन राहते. लॉगमध्ये चुकीची एक ओळही सापडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

तुमच्याकडे डिस्प्ले मॅनेजर आहे का? मला शंका आहे. 'एक्सएफसीई४' हे पॅकेज फक्त डेस्कटॉप आणतं, लॉगिनची खिडकी आणत नाही. 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप' घेतलं तर लाइटडीएम सोबत येतो, पण आणखीही बरंच सामान येतं. शाळेच्या जुन्या मशीनसाठी मी 'एक्सएफसीई४', 'लाइटडीएम' आणि 'लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर' अशी तीन नावं स्वतंत्र लिहितो. तेवढं पुरतं. लाइटडीएम आला की लाइव्ह-कॉन्फिगची त्याच्यासाठीची स्क्रिप्ट बूटच्या वेळी '/ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम.कॉन्फ' उघडते आणि त्यातल्या ऑटोलॉगिनच्या ओळींत चालू वापरकर्त्याचं नाव भरते. तुम्ही काहीही लिहायची गरज नाही.

इथे उत्साही लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. कुठल्यातरी लेखात वाचून आपली स्वतःची लाइटडीएम.कॉन्फ 'इन्क्लूड्स.चरूट'मध्ये (ज्यातल्या फाइली इमेजमध्ये जशाच्या तशा जातात त्या फोल्डरमध्ये) ठेवतात. मग स्क्रिप्टला बदलायला हव्या त्या ओळी सापडत नाहीत, किंवा त्या फाइलमध्ये लिहिलेलं नाव एक आणि लाइव्ह-कॉन्फिगने तयार केलेला वापरकर्ता भलताच. लाइटडीएम अस्तित्वात नसलेल्या माणसाला आत सोडू शकत नाही, तो नावं विचारत बसतो. तुम्हाला काही बदलायचंच असेल, समजा कोणतं सेशन उघडायचं ते, तर '/ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम.कॉन्फ.डी' या फोल्डरमध्ये वेगळी छोटी फाइल ठेवा:

[सीट:*]
युजर-सेशन=एक्सएफसीई

सेशनचं नाव मनाने लिहू नका. '/यूएसआर/शेअर/एक्ससेशन्स' या फोल्डरमध्ये जी '.डेस्कटॉप' फाइल असेल तिचं नाव, शेपूट काढून. तिथे 'एक्सएफसीई.डेस्कटॉप' असते, 'एक्सएफसीई४' नाही. चारचा आकडा लावल्यामुळे रडणारी मंडळी मी पाहिली आहेत. आणि एक लक्षात ठेवा, त्या फोल्डरमधल्या फाइली आधी वाचल्या जातात, मुख्य लाइटडीएम.कॉन्फ शेवटी. दोन्हीकडे एकच ओळ असेल तर मुख्य फाइलचं चालतं.

एकाहून जास्त डिस्प्ले मॅनेजर यादीतून आले असतील तर आणखी एक कोपरा तपासा. डेबियनमध्ये '/ईटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर' या फाइलमध्ये एकाचंच नाव असतं. लाइटडीएम सुरू होण्याआधी तिथे डोकावतो, स्वतःचं नाव नसेल तर मुकाट परत जातो. दोन सासवांचं घर करू नका, एकच ठेवा.

आरसी.लोकलचा उपाय का फसला तेही सांगतो, कारण तो पुन्हा पुन्हा सुचवला जातो. पहिलं, सिस्टीमडीमध्ये ती फाइल एक्झिक्युटेबल नसेल तर कुणी ढुंकूनही पाहत नाही. दुसरं, चाललीच तर ती रूट म्हणून चालते आणि लॉगिनशिवाय चालते. आजचा डेस्कटॉप लॉगिनवर उभा आहे. कोणत्या सीटवर, कोणत्या कन्सोलवर कोण बसलंय ही नोंद 'लॉगिनडी' ठेवतो, आणि त्या नोंदीच्या आधारे आवाज, पेनड्राइव्ह माउंट करणं, मशीन बंद करण्याचं बटण वगैरेंची परवानगी मिळते. आरसी.लोकलमधून आलेल्या डेस्कटॉपची अशी नोंदच होत नाही. तो उघडला तरी अशा गोष्टींत अडचणी येऊ शकतात, आणि मुलं रूट म्हणून ब्राउझर वापरत असतात. स्टार्टएक्स हवंच असेल तर त्याचा योग्य रस्ता आधी लॉगिन आणि मग स्टार्टएक्स असा आहे.

तो रस्ताही दाखवतो, कारण काही ठिकाणी मी डिस्प्ले मॅनेजर मुद्दाम टाळतो. एखाद्या ग्रंथालयात नुसता कॅटलॉग दाखवणारा ब्राउझर चालवायचा असेल, मशीनमध्ये १ जीबी रॅम असेल, तर लाइटडीएमचा भार कशाला? डेबियनच्या लाइव्हमध्ये डिस्प्ले मॅनेजर नसेल आणि एक्सइनिट (ज्यात स्टार्टएक्स असतं ते पॅकेज) असेल तर लाइव्ह-कॉन्फिग तेही सांभाळून घेतं. पण दुसऱ्या पायावर बनवलेल्या सिस्टीममध्ये हे हाताने करावं लागतं. पहिल्या कन्सोलच्या गेटीला (लॉगिनची ओळ दाखवणाऱ्या प्रोग्रामला) एक पुरवणी फाइल द्यायची, '/ईटीसी/सिस्टीमडी/सिस्टीम/गेटी@टीटीवाय१.सर्व्हिस.डी/ओव्हरराइड.कॉन्फ':

[सर्व्हिस]
एक्झेकस्टार्ट=
एक्झेकस्टार्ट=-/एसबिन/एगेटी --ऑटोलॉगिन युजर --नोक्लिअर %आय $टर्म

यातली मधली रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ छापण्यातली चूक नाही. जुनी कमांड पुसण्यासाठी ती लागतेच, ती नसेल तर सिस्टीमडी 'दोन दोन कमांड कशा?' म्हणून सर्व्हिसच नाकारतो. मग वापरकर्त्याच्या '.बॅश_प्रोफाइल'मध्ये (लॉगिन होताच चालणाऱ्या फाइलमध्ये):

इफ [ -झेड "$डिस्प्ले" ] && [ "$एक्सडीजी_व्हीटीएनआर" = १ ]; देन एक्झेक स्टार्टएक्स; फाय

इथला आकडा १ ही अट महत्त्वाची आहे. ती नसेल तर दुसऱ्या कन्सोलवर दुरुस्तीसाठी लॉगिन केलं तरी तिथेही डेस्कटॉप उसळून येतो. 'एक्झेक'मुळे एक्स बंद पडला की लॉगिनही संपतं, गेटी पुन्हा उठतो, पुन्हा आत येतो, पुन्हा एक्स. किऑस्कसाठी (एकच काम करणाऱ्या सार्वजनिक मशीनसाठी) हे वरदान आहे. कुणी ब्राउझर बंद केला तरी दोन सेकंदांत पुन्हा हजर. पण एक्सच बिघडला असेल तर हेच चक्र डोळ्यांसमोर लुकलुकत राहतं, आणि तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जाता आलं पाहिजे. म्हणून ती अट.

मग तुमच्यासाठी यांपैकी कोणता रस्ता? ते मशीन कुणाच्या हातात जाणार यावर अवलंबून आहे. मुलांना वेगवेगळे प्रोग्राम उघडायचे असतील, मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायचा असेल, एखाद्या मशीनवर लॉगआउट होऊन पुन्हा आत येणं घडणार असेल, तर लाइटडीएमच घ्या. एकच काम, एकच खिडकी असेल तर गेटीचा रस्ता. आणि पेनड्राइव्हवर कायमची साठवण ठेवून त्यात कुणाची खासगी कागदपत्रं राहणार असतील तर ऑटोलॉगिन लावूच नका. बूटच्या ओळीत 'नोऑटोलॉगिन' टाकलं की ते बंद होतं.

तुमची सिस्टीम डेबियनऐवजी उबंटूवर उभी असती तर यातला निम्मा भाग लागू झाला नसता, कारण तिथे हे काम कॅस्पर नावाचं पॅकेज करतं. आर्चवर आर्चआयसो असतं, तिथे 'एआयरूटएफएस' फोल्डरमध्ये सगळं हाताने मांडावं लागतं, आणि लाइटडीएमच्या ऑटोलॉगिनसाठी वापरकर्ता 'ऑटोलॉगिन' नावाच्या ग्रुपमध्ये असावा लागतो. डेबियनमधून तिकडे गेलेली माणसं त्या ग्रुपपाशी हटकून अडतात.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण पहिल्याच आठवड्यात विचाराल. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी असेच पेनड्राइव्ह दिले होते, डिस्क गेलेल्या वीसेक मशीनसाठी. शनिवारी सगळं लावून, मुलांना चित्रं काढायला बसवून परत आलो. सोमवारी दुपारी सरांचा फोन. "अहो, सगळ्या स्क्रीन पासवर्ड मागतायत. तुम्ही तर म्हणालात पासवर्ड नाही." मधल्या सुट्टीत मशीन तशीच चालू होती आणि स्क्रीन लॉक लागला होता. पासवर्ड 'लाइव्ह' होता, पण मी तो कुणाला सांगितलाच नव्हता, कारण माझ्या मते लॉगिन आपोआप होत होतं. सरांनी मग एकेक मशीन बटण दाबून बंद केलं आणि मुलांची चित्रं रॅमसोबत गेली. एका पाचवीतल्या मुलीने बैलपोळ्याचा बैल काढला होता, ते सर आजही भेटले की आठवण काढतात. तेव्हापासून स्क्रीन लॉकरचं पॅकेज मी यादीत येऊच देत नाही, आणि पासवर्ड पेनड्राइव्हच्या लेबलवर लिहितो.

अशा सेटिंग्ज कुठे ठेवायच्या हेही त्याच वेळी अंगवळणी पडलं. वॉलपेपर, पॅनेल, ब्राउझरचं पहिलं पान हे सगळं 'इन्क्लूड्स.चरूट/होम/युजर'मध्ये ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. बिल्डच्या वेळी तो वापरकर्ता जन्मलेलाच नसतो, त्यामुळे त्या फाइली रूटच्या मालकीच्या होऊन बसतात. मग लाइटडीएम ऑटोलॉगिन करायला जातो, '.एक्सऑथॉरिटी' फाइल वापरकर्त्याच्या घरात लिहिता येत नाही, आणि स्क्रीन एकदा काळी होऊन पुन्हा लॉगिनच्या खिडकीवर येते. पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा तेच. लोक याला पासवर्डचा घोळ समजतात. सगळं 'इन्क्लूड्स.चरूट/ईटीसी/स्केल'मध्ये ठेवा. वापरकर्ता तयार होताना तिथलं सगळं त्याच्या घरात कॉपी होतं आणि मालकीही त्याचीच लागते. त्याच कारणासाठी हुकमध्ये 'युजरअॅड'ने वापरकर्ता आधीच बनवून ठेवण्याच्याही फंदात पडू नका, नाव बदलायचं असेल तर 'युजरनेम=' आहेच.

लॉगिनच्या खिडकीवर परत येण्याचं आणखी एक कारण लाइव्हवरच दिसतं: रॅममधला थर भरला. हा थर साधारण निम्म्या रॅमएवढाच वाढू शकतो. २ जीबीच्या मशीनवर ब्राउझरची कॅश तासाभरात बरीच जागा खाते. सकाळी डेस्कटॉप आला, दुपारी लॉगआउट करून पुन्हा येईना, असं झालं तर आधी 'डीएफ -एच' बघा.

आणि शेवटी, तुमच्या लॅपटॉपवर जे चाललं ते शाळेतल्या प्रत्येक मशीनवर चालेलच असं नाही. एएमडीच्या ग्राफिक्सना फर्मवेअर लागतं. डेबियन १२ पासून त्याचा 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग आहे आणि अधिकृत इमेजमध्ये ते येतं. पण तुमच्या इमेजमध्ये तुम्ही सांगाल तेच येणार. 'एलबी कॉन्फिग'च्या आर्काइव्ह-एरियाजमध्ये तो विभाग घाला आणि यादीत 'फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स' लिहा. एखादं मशीन तरीही काळंच राहिलं तर बूटच्या ओळीत 'नोमोडसेट' टाकून बघा. चित्र जाडंभरडं येईल, पण निदान लॉग वाचता येईल. खूप वेगवान मशीनवर उलटं होतं, ग्राफिक्स तयार होण्याआधीच लाइटडीएम धावतो आणि आपटतो. त्यासाठी लाइटडीएम.कॉन्फच्या [लाइटडीएम] भागात 'लॉगिनडी-चेक-ग्राफिकल=ट्रू' असतं. शाळेच्या मशीनवर याची गरज पडेल असं मला वाटत नाही.

तुम्ही करायचा क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी बूट मेनूत 'कंपोनंट्स' टाकून बघा, पाच मिनिटांचं काम. मग यादीत 'युजर-सेटअप', 'सुडू', लाइटडीएम आणि त्याचा ग्रीटर घाला, आरसी.लोकलमधली ओळ काढा, ऑटो/कॉन्फिग दुरुस्त करा, 'एलबी क्लीन', 'एलबी कॉन्फिग' आणि मग 'एलबी बिल्ड'. क्लीन विसरलात तर जुन्या बिल्डचे अवशेष तसेच राहतात आणि बदल लागलाच नाही असं वाटत राहतं. नवी इमेज आधी क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) २०४८ एमबी रॅम देऊन उघडा, पेनड्राइव्हवर नंतर लिहा.

एवढं करूनही लॉगिनचीच ओळ आली, तर दुसऱ्या कन्सोलवर रूटने जाऊन चार गोष्टी मला पाठवा: 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन', 'आयडी युजर', 'सिस्टीमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' आणि 'जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम' यांची उत्तरं. नाव बदललं असेल तर दुसऱ्या कमांडमध्ये 'युजर'ऐवजी ते नाव. टाइप करत बसू नका, मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त ओळी कापल्या जाऊ देऊ नका.